झुरका आणि निवड

धूम्रपान हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, असे आपल्यातील सुशिक्षित मंडळी म्हणतात. परिणाम ठाऊक असूनही कोणी विडी ओढत असेल, तर आपण मध्ये पडणारे कोण? हा युक्तिवाद उदार खरा. परंतु ‘ठाऊक असणे’ म्हणजे काय, हे तपासल्यावाचून तो आम्हांस स्वीकारता येत नाही.

वाद जुना आहे. विजापूरहून परतलेल्या असद बेगने १६०५च्या सुमारास अकबरापुढे तंबाखू ठेवली, तेव्हा हकिमाने हरकत घेतली : हे द्रव्य आपल्या ग्रंथांत नाही, पारखलेले नाही. असद बेग म्हणाला, प्रत्येक चाल कधीतरी नवीच असते. बादशहाने थोडे झुरके घेतले, पण सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र लावून घेतली. पुढे १६१७मध्ये जहांगीराने केलेली मनाईही फुकट गेली.

आज पारख पुरी झाली आहे, तरीही भ्रम उरले आहेत. इच्छापोरच्या पानाच्या गल्ल्यावर विडी घेणाऱ्यास वाटते, हिच्यात तंबाखू थोडी, म्हणून अपायही थोडा. परंतु विडी विझू नये म्हणून ती वारंवार ओढावी लागते, आणि तिच्या धुरातील विष सिगारेटहून कमी नसते. ‘लाइट’ सिगारेटच्या फिल्टरला बारीक छिद्रे असतात. यंत्राने मोजल्यास तिचा धूर विरळ भरतो. माणूस मात्र नकळत छिद्रे बोटांनी झाकतो, झुरका खोल घेतो. धूर छातीत न घेणाऱ्याचे तोंड तरी त्याच धुरात असते. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या निम्म्याच्या जवळपास असतो, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

म्हणजे मात्रा ठरवते ती सवय. माणूस फक्त आपण ठरवली असे मानतो. जी निवड उद्या सहज मागे घेता येत नाही, तिला स्वतंत्र निवड कसे म्हणावे? बहुधा ती सोळाव्या-सतराव्या वर्षी झालेली असते. किंमत मोजतो तो पन्नाशीचा गृहस्थ. म्हणून त्याला दोष देणे जितके गैर, तितकेच ‘तुझी मर्जी’ म्हणून बाजूला होणेही गैर. सोडण्यास साहाय्य करणे म्हणजे त्याचे स्वातंत्र्य त्याला परत देणे होय.

वडीलधाऱ्यांसमोर विडी ओढायची नाही, हा आमच्या घरांतला जुना दंडक. ती मर्यादा वयाची होती. ओटीवर खेळणाऱ्या नातवंडाच्या श्वासाला मात्र आम्ही तसा मान कधी दिला नाही. त्याची संमती कोणीच विचारली नव्हती.