रांजण कोणी भरले?



काना गावच्या लग्नाचा प्रसंग आपण पुष्कळदा ऐकतो. पाण्याचा द्राक्षारस झाला, एवढे लक्षात राहते. रांजण कोणी भरले, हे मात्र आपण विसरतो. संत योहान सांगतो, दगडी रांजण सहा होते. आजच्या मापाने प्रत्येकात सुमारे ८० ते १२० लिटर पाणी मावत असे. ते सारे काठोकाठ भरायचे म्हणजे चाकरांनी ५०० लिटर तरी पाणी वाहून आणले असेल.

आपल्या लग्नांतही असे चाकर असतात. केटररची वाढपी मुले संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत उभी असतात. भरलेला ट्रे एका हातावर तोलून नेताना मनगट आणि कंबर भरून येते. सांडलेल्या सरबतावरून पाय घसरतो. वर्षानुवर्षे उभे राहून पायांच्या शिरा फुगतात. आपण जेवून घरी येतो. ती मुले दुखणे घेऊन घरी जातात.

कोणी म्हणेल, ‘फादर, त्यांना मजुरी मिळते. काम त्यांनी राजीखुशीने घेतले आहे.’ पण ज्याला काम नाकारणे परवडत नाही, त्याच्या होकाराला राजीखुशी म्हणावे का? शिवाय मजुरी देऊन आपण काम घेतो, माणसाची कंबर विकत घेत नाही. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ ह्या परिपत्रकात हेच शिकवले: काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली दुकानांतील कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. साधे बसू देण्यासाठीही कायदा करावा लागला, ह्याचा आपण विचार करावा.

म्हणून केटररशी प्लेटचा भाव ठरवताना आणखी काही विचारू या. माणसे पुरेशी आहेत ना? जड भांड्यांसाठी ट्रॉली आहे ना? मुलांना मधे बसायला स्टूल आणि वेळेवर जेवण मिळेल ना? ट्रे निम्मा भरून त्यांनी दोन खेपा केल्या, तर आपणही थोडे थांबू या. खर्च थोडा वाढेल. पण आपण वाचवलेला तो खर्च कोणाच्या तरी पाठीतून वसूल होत असतो.

काना गावी द्राक्षारस कोठून आला, हे भोजनकारभाऱ्याला ठाऊक नव्हते. पाणी भरणाऱ्या चाकरांना ठाऊक होते. प्रभूचे पहिले चिन्ह त्यांनी जवळून पाहिले. पुढच्या लग्नात ताट हाती घेताना ते आणणाऱ्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहा.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

– तुमचा धर्मगुरू