उसने उत्तर

डोंबिवली-कल्याणहून ठाण्याच्या महाविद्यालयांत येणारी मुले लोकलमध्येही वह्या उघडून भौतिकशास्त्राची उदाहरणे सोडविताना दिसतात. एकाला पायरी अडते, दुसरा सांगतो. ही लबाडी नव्हे काय, असे पालक आम्हांस विचारतात.

उतारावरून न घसरता गडगडणारा भरीव गोल घ्या. त्याचे त्वरण घर्षणाविना घसरणाऱ्या वस्तूच्या ५/७ असते. हे उत्तर उतरवून घेणे सोपे. पण गोल पोकळ असता तर? ज्याने समजून घेतले तो ३/५ वर पोहोचतो. ज्याने नुसते उतरविले तो तेथेच थांबतो.

आइन्स्टाइन झुरिक येथे मार्सेल ग्रोसमन या सहाध्यायाच्या टिपणांवरून अभ्यास करी. १९१२ मध्ये गणित अडले तेव्हाही तो त्याच्याकडेच गेला. मात्र १९१३ चा शोधनिबंध दोघांच्या नावे निघाला.

विद्यार्थिदशेत लॅटिनचा स्वाध्याय आम्ही मित्राच्या वहीतून उतरविला होता. गुण मिळाले, लॅटिन आले नाही, आणि मित्राचे ऋणही सांगावयाचे राहिले.

तेव्हा मदत अवश्य घ्यावी. मग वही मिटून तेच उदाहरण पुन्हा सोडवावे, साह्य करणाऱ्याचे नाव मोकळेपणी सांगावे आणि पुढे अडलेल्याला समजावून द्यावे. उसने उत्तर फिटते ते असे.