धुराचा हिशेब
टोयोटाची मिराई ही हायड्रोजनवर चालणारी गाडी २०१४ साली जपानमध्ये विक्रीला आली. तिच्या टाकीतला हायड्रोजन प्लॅटिनमच्या थरावर प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांत विभागतो. इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहावर मोटार चालते, मागून फक्त पाणी गळते. एवढ्याने ती निर्मळ ठरते का? मला तसे वाटत नाही. जगातला बहुतेक हायड्रोजन आजही नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो. वायूपासून एक किलो काढताना सुमारे ९ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कर्माचा दोष आपल्या अंगणातून दुसऱ्याच्या आकाशात ढकलला, म्हणून तो फिटत नाही. कोणी म्हणेल, सौरविजेने पाण्याचे विघटन करूनही हायड्रोजन मिळतो. खरे आहे, आणि तो मार्ग मला मनापासून हवा आहे. पण उद्याचे पुण्य आजच्या टाकीला लावता येत नाही. गाडी घेणाऱ्याने आधी विचारावे, हा हायड्रोजन बनला कशापासून?