शिक्का काट्याला, जबाबदारी हाताला

पुण्याच्या महात्मा फुले मंडईतील काट्याला वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. खाद्यपदार्थ विकणाऱ्याला अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 प्रमाणे नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. पुष्कळांना हा जाच वाटतो. परंतु मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः धान्याच्या राशीत हात घातला. आतला ओलावा बोटांना लागताच, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा जाब त्यांनी विक्रेत्याला विचारला. महागाईत भाव बांधून देण्याची लोकांची विनंती मात्र त्यांनी मान्य केली नाही. म्हणजे रास्त नफ्याला मुभा आहे, फसवणुकीला नाही.

कुरआनचा 83 वा अध्याय ‘अल्-मुतफ्फिफीन’ मापात लबाडी करणाऱ्यांच्याच नावाने ओळखला जातो. सरकारी निरीक्षक कधीतरी येतो. उरलेल्या दिवसांचे काय? शिक्क्याच्या काट्यावरही मिठाईबरोबर खोके तोलले जाते, पालेभाजीबरोबर पाणी विकले जाते. शिक्का काट्याची खात्री देतो, तोलणाऱ्या हाताची नव्हे. त्या हाताचा हिशेब आखिरतमध्ये द्यायचा आहे. म्हणून कायदा पाळा, आणि कायद्याची नजर नसेल तेथे अल्लाहचे भय बाळगा. अल्लाह आपल्या हलाल कमाईत बरकत देवो. आमीन.