पोटात गोळा येतो तेव्हा

नांदेडच्या विष्णुपुरीतल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शरीर शिकवलं जातं इंग्रजीतून. ओपीडीत ते बोलतं मराठीतून. लोहा-कंधारकडची एखादी बाई सांगते, 'पोटात गोळा येतो.' तो हाताला लागणारा गोळा असेल, नाहीतर लेकीच्या सासरहून फोन आल्यापासूनची धास्ती. नवखा डॉक्टर पोट चाचपतो, सोनोग्राफी लिहून देतो. ती नॉर्मल आली की गोळा मनाचा ठरतो. हा निवाडा मला पटत नाही.

हिब्रू बायबललाही तो पटला नसता. तिथं 'केलायोत' म्हणजे मूत्रपिंडं. लेवीय ग्रंथात बळीच्या जनावराची चरबीसकट वेदीवर जाळायची ती हीच, आणि स्तोत्रकर्त्याला रात्री शिकवण देतात तीही हीच. यिर्मयाचा देव माणसाचं हृदय तपासतो आणि मूत्रपिंडं पारखतो. त्या भाषेत हृदयाकडे मुख्यतः विचार आणि निश्चय. मूत्रपिंडांकडे चारचौघांना न दिसणारं आतलं सगळं. पुढे तालमूदमध्ये तर एक मूत्रपिंड चांगला सल्ला देतं, दुसरं वाईट. वाचून हसू येतं खरं. पण नांदेडात खाटकाकडे गुर्दा मागणारा माणूसच 'याला दिल-गुर्दा लागतो' असं म्हणतो, तेव्हा कुणी हसत नाही. कलेजी मागताना त्याला यकृत हवं असतं. काळीज धडधडतं म्हणताना हात छातीवर जातो.

आतड्यांना हिब्रूत 'मेईम'. ती कळवळतात, खवळतात, आणि गीतरत्नात प्रियकराच्या नुसत्या चाहुलीनं हलतात. गर्भाशय 'रेखेम', आणि त्याच धातूतून दया, 'रखमीम'. शलमोनापुढच्या खटल्यात मूल चिरायची वेळ येते तेव्हा खऱ्या आईची ही रखमीमच पेटते. आपल्याकडे आईचं आतडं तुटतं आणि ती लेकराचे अपराध पोटात घालते. दोन्ही भाषांनी क्षमेला जागा दिली ती ओटीपोटाच्या आसपास.

इ.स.पू. 586 मध्ये जेरुसलेम पडलं, त्यावरच्या विलापगीतात कवीची आतडी खवळतात आणि यकृत जमिनीवर ओतलं जातं. कारण तिथंच दिलेलं आहे: तान्ही मुलं शहराच्या रस्त्यांत मूर्च्छा येऊन पडताहेत. हे वाचताना मला विष्णुपुरी आठवल्यावाचून राहत नाही. 30 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर 2023 या चोवीस तासांत इथल्या रुग्णालयात 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 अर्भकं होती. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. मग औषधांचा साठा, रिक्त पदं, खाटांची क्षमता, चौकशी समिती. हे शब्द लागतातच. त्यांच्याविना जबाबदारी ठरत नाही. मात्र त्यांच्या जोडीला जी 'तीव्र संवेदना' व्यक्त होते, तिला शरीरात जागाच नसते. ती कुठल्याही मृत्यूला, कुठल्याही गावी चालते.

भाषांतरकारही हेच करतात. मूत्रपिंडांच्या जागी 'अंतर्याम', 'अंतःकरण' असे सोवळे शब्द येतात. हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अख्खं बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंना ते साध्या बाईला कळेल अशा भाषेत हवं होतं. 1922 मध्ये मृत्यूपूर्वी त्यांनी काम संपवलं, छापून आलं 1924 मध्ये. संस्कृतात पंडिता पदवी मिळवलेल्या बाईनं हा आग्रह धरावा, याचं मोल मला फार वाटतं.

यावर आक्षेप ठरलेला आहे: मूत्रपिंडं विचार करत नाहीत. नाहीतच करत. पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, असल्या दाव्यांचा मला कंटाळा आहे. पण भीतीच्या क्षणी मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी अॅड्रेनालिन सोडतात, आतड्यांकडचं रक्त स्नायूंकडे वळतं, पोट आवळतं. मूत्रपिंड नसेल, शेजारी तरी आहे! बाईच्या पोटात खरोखरच काहीतरी घडलेलं असतं. सोनोग्राफीला ते दिसत नाही, एवढंच.

रुग्णाची मुख्य तक्रार त्याच्याच शब्दांत नोंदवावी, असं वैद्यकाचे विद्यार्थी सुरुवातीलाच शिकतात. केसपेपरवर मात्र तिचं इंग्रजी होतं, आणि त्या इंग्रजीत पोटदुखी एका खात्यात जाते, चिंता दुसऱ्या. एक ओळ देवनागरीत लिहायला काय हरकत आहे? 'पोटात गोळा येतो, आठ दिवसांपासून.' त्याखाली हवी ती तपासणी लिहावी. निदान पुढचा डॉक्टर विचारेल तरी, आठ दिवसांपूर्वी काय झालं होतं?