चिमूटभर पूड

उभा राहा. मान खाली घालू नकोस, माझ्याकडे बघ.

घरमालकीण काकूंच्या पायाचा अंगठा सुजला, आणि तू त्यांना कळलावीच्या कंदाची पूड देऊन आलास. कोणाला विचारून? ‘मॅडम, गाउटवर कोल्चिसिन देतातच ना, कंदात तेच तर असतं!’ एवढं वाचलंस, मग पुढचं पान उलटायला काय झालं होतं? गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते. तीही रोग्याचं मूत्रपिंड, यकृत, चालू औषधं बघून लिहून देतात. तुझ्या चिमटीत किती मिलिग्रॅम होतं? नाही सांगता येणार. या बांधावरच्या आणि त्या बांधावरच्या कंदातही ते सारखं नसतं.

आणि ‘झाडपाल्याचं औषध, अपाय नाही’ हे वाक्य माझ्या वर्गात पुन्हा ऐकू येता कामा नये. लांगली, म्हणजे हीच कळलावी, उपविषांत मोजली आहे. गोमूत्रात शोधन केल्याशिवाय ती पोटात द्यायची नाही, हे द्रव्यगुणाच्या तासाला घोकून घेतलंय मी तुमच्याकडून. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून कंद वापरत, तोही उगाळून बेंबीखाली, तळपायाला लेप देत. औषधांच्या कायद्यातही ती विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत आहे, ई (१) मध्ये. श्रावणात कुंपणावर लाल-पिवळ्या पाकळ्या उलट्या वळवून फुलते, म्हणून ती घरातली झाली का?

हे विष पेशींचं विभाजन थांबवतं. जिथे पेशी भराभर बनतात तिथे पहिला घाव: आतडी, मग अस्थिमज्जा. सुरुवातीचे काही तास माणूस ठणठणीत दिसतो. मग उलट्या, जुलाब, आणि घरच्यांना वाटतं काहीतरी बाधलं. पुढच्या काही दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. वाचलाच तर दोनेक आठवड्यांनी केस पुंजक्यांनी गळतात. हाताशी उतारा नाही. मागून कोण म्हणालं, उकळून दिली असती तर? उकळल्याने कोल्चिसिन जात नाही!

आता काकूंना फोन लाव. इथेच, माझ्यासमोर. पूड खाल्ली नसेल तर पुडी जशीच्या तशी घेऊन ये. खाल्ली असेल तर बरं वाटतंय असं त्या म्हणाल्या तरी ऐकायचं नाही, रिक्षात घालून थेट सरकारी रुग्णालयात न्यायचं. उरलेली पूड आणि कंदाचा तुकडा सोबत घे, आणि डॉक्टरांना सांग की ती तूच दिलीस, किती आणि केव्हा. लाव फोन.