लेन्सला लाख, ट्रायपॉडला हजार

तुझे हरिश्चंद्रगडाचे फोटो पाहिले. कोकणकड्यावरची संध्याकाळ, खाली दाटलेले ढग, वर तांबूस उजेड, आणि एवढ्या सगळ्यात एकही फोटो धारदार नाही. मोठा करून बघ जरा. कड्याची रेघ दुहेरी उमटली आहे. कारण विचारलं तर म्हणतोस, "सर, वारा फार होता." कोकणकड्यावर वारा नसणार तर कुठे असणार? तिथे उभं राहायचं ठरवलंस तेव्हाच वाऱ्याचा विचार करायला हवा होता.

तुझी चूक कड्यावर झालेली नाही, दुकानात झाली आहे. बॉडी आणि ७०-२०० लेन्स मिळून लाखाच्या वर घातलेस. त्यातले निम्मे आईकडून घेतलेस. ट्रायपॉडची वेळ आली तेव्हा मात्र दीड हजाराचा उचललास, कारण त्याच्यासोबत मोबाईल होल्डर आणि रिमोट फुकट होता. सूर्य मावळल्यावर आयएसओ १०० आणि एफ/११ लावलंस की शटर सेकंदाच्या घरात जातं. तेवढा वेळ तुझी लाखाची लेन्स तिच्याखालचे पाय जेवढे स्थिर तेवढीच चांगली. शिवाय २०० मिलिमीटरला केसभर हादरासुद्धा फोटोत उतरतो. हे वर्गात शिकवलं होतं आणि तू वहीत उतरवूनही घेतलं होतंस.

आण तो ट्रायपॉड इकडे. हे बघ, पाय पाच टप्प्यांचे, आणि शेवटची नळी करंगळीएवढी. टप्पे जितके जास्त तितकी खालची नळी बारीक आणि सांधे जास्त, आणि प्रत्येक सांधा थोडा थोडा हलतो. शिवाय या तिन्ही पायांना मधून जोडणाऱ्या पट्ट्या. घरातल्या फरशीवर त्या चालतील. कातळावर एक पाय वर, एक खाली, एक लांब पसरून ठेवावा लागतो, आणि या पट्ट्यांमुळे तिन्ही पाय एकाच कोनात उघडतात. म्हणून तू पाय कसेबसे टेकवलेस आणि उंची कमी पडली तशी मधला दांडा पूर्ण वर काढलास. तीन पाय सोडून एका दांड्यावर कॅमेरा उभा केलास. लेन्सची कॉलर तर घरीच ठेवून आलास, म्हणजे सगळा भार पुढे झुकलेला.

खोक्यावर '५ किलो' छापलंय हे मला दाखवू नकोस. हा आकडा मोजायची सर्वमान्य रीत नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबाने तो छापते. तेवढ्या वजनाखाली पाय मोडणार नाहीत, इतकाच त्याचा अर्थ धर. फोटो हलणार नाही असं त्यात कोणी लिहून दिलेलं नाही.

"मग सर, कार्बन फायबरचा घ्यायला पैसे कुठून आणू?" या प्रश्नाचा मला खरा राग आला. कार्बन फायबर घे असं तुला कोणी सांगितलं? हलका, भक्कम आणि स्वस्त असा ट्रायपॉड मिळत नाही, यातलं काहीतरी एक सोडावंच लागतं. तू भक्कमपणा सोडलास आणि ज्यासाठी ट्रायपॉड घेतात तेच घालवून बसलास. ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याने हलकेपणा सोडायचा. खिशातून देता येत नसेल तर खांद्यावरून दे. अ‍ॅल्युमिनियमचा घे, तीन टप्प्यांचा, सगळ्यात वरची नळी निदान २५ मिलिमीटर जाड, जमल्यास २८. हेडसकट दोन-अडीच किलो भरेल. बॅगेत मावणार नाही, बाहेर बांधावा लागेल. टोलार खिंडीतून गड चढताना खांदा दुखत असेल तर पाचनईकडून चढ, ती वाट सोपी आहे.

उंचीवरही पैसे वाचतात. दांडा न उचलता कॅमेरा छातीपर्यंत आला तरी पुरे. तुझ्या कॅमेऱ्याचा स्क्रीन वळतो, मग डोळ्याच्या पातळीचा हट्ट कशाला? सह्याद्रीतले निम्मे चांगले फोटो गुडघ्याच्या उंचीवरून निघतात. म्हणून प्रत्येक पाय स्वतंत्र कोनात उघडतो का ते आधी बघ. लॉक क्लिपचे की पिळाचे यावर डोकं खपवू नकोस. हेड मात्र निघणारं हवं. पायांवरचा स्क्रू ३/८ इंचाचा असला की आज साधं बॉलहेड लावून पुढे पैसे आल्यावर फक्त तेवढं बदलता येतं. प्लेट आर्का पद्धतीची घे. हेड आणि पाय एकसंध असलेल्या वस्तूला हात लावू नकोस.

आणि विकत घेण्याआधी तपास. तुझा कॅमेरा आणि तीच ७०-२०० दुकानात घेऊन जा. पाय पूर्ण उघड, दांडा खाली ठेव, समोरच्या रस्त्यावरची एखादी पाटी लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठी कर आणि पायावर टिचकी मार. पाटी किती वेळ थरथरते ते बघ. लगेच थांबली तर पुढे बोल, डोलत राहिली तर खाली ठेव आणि दुसरा माग. मग हेड धरून हलकेच पीळ दे, खालचे पाय वळतात का पाहा. बॉलहेड घट्ट करून हात सोड, चौकट खाली सरकते का तेही बघ. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे.

नवा परवडत नसेल तर जुना घे. सेन्सर दोन-चार वर्षांत मागे पडतो, अ‍ॅल्युमिनियमची नळी मागे पडत नाही. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात जा, लॉक घसरत नाहीत एवढं तपास, पोचे आणि ओरखडे खुशाल असू देत. नवा हलका ट्रायपॉड घेण्यापेक्षा त्याच पैशात जुना जड घेतलेला मला केव्हाही चालेल.

प्रकाश दोनच मिनिटं होता, हीही तुझी तक्रार होती. १९४१ साली न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने टिपला, तो फोटो तुम्हाला दाखवला होता. ८ बाय १० इंचाचा अवजड कॅमेरा, लाइट मीटर सापडत नव्हता, चंद्राच्या तेजावरून त्याने मनातल्या मनात एक्स्पोजर काढलं: एफ/३२ ला एक सेकंद. दुसरी निगेटिव्ह घेईपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. त्या एका सेकंदात त्याच्या कॅमेऱ्याखालचे पाय तुझ्यासारखे लटपटले असते तर तो फोटो आज आपल्याला दिसला नसता. त्याच्या घाईत आणि तुझ्या घाईत फरक एवढाच, की त्याचं सामान घाईला तयार होतं.

ट्रायपॉड वापरायचीही शिस्त असते. आधी जाड नळ्या बाहेर काढायच्या, बारीक शेवटी. एक पाय लेन्सच्या दिशेने. स्थिरीकरण बंद, दोन सेकंदांचा टायमर चालू. बॅग हुकाला टांगलीस तर ती जमिनीला टेकलेली असू दे, वाऱ्यात झुलणारी बॅग फोटो आणखी बिघडवते. कोकणातल्या समुद्रात पाय बुडवलेस तर त्याच रात्री गोड्या पाण्याने धू, मिठाने लॉक धरतात. कासच्या पठारावर फुलांच्या ताटव्यात पाय रोवलास तर पुन्हा माझ्या वर्गात बसू नकोस.

आणि कड्याच्या टोकावर ट्रायपॉड उभा करून त्याच्यापासून दूर जायचं नाही. तू गेला होतास, चहा प्यायला. फोटोतल्या वेळांवरून मला कळलं. हलका ट्रायपॉड वाऱ्याने कलंडतो आणि लाखाचा कॅमेरा जाताना दिसला की माणूस विचार न करता झेप घेतो. कॅमेरा पुन्हा घेता येईल. त्या कड्याखाली काय आहे ते तू पाहिलं आहेस. एवढं तरी तुला सांगायला लागू नये.

शनिवारी लेन्स घेऊन दुकानात जा. आणि हा दीड हजाराचा ओएलएक्सवर टाकू नकोस. तुझ्यासारखाच कुणीतरी नवा मुलगा तो घेईल आणि गडावर घेऊन जाईल.